कडकपणाचा हिशेब

मंचर-नारायणगावच्या पट्ट्यात गाडीची स्प्रिंग बदलून घेणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला पिकअपवाल्यांचा. कांदा, बटाटा, टोमॅटो भरला की गाडी मागून बसते, म्हणून ते पाटेवाल्याकडे जातात आणि ‘एक पाटा वाढवा’ म्हणतात. दुसरा तरुण पोरांचा. पोलो किंवा स्विफ्ट दोन बोटं खाली यायला हवी, माळशेजच्या वळणावर झुकता कामा नये, म्हणून ते पुण्याला जाऊन कॉइलओव्हर बसवून आणतात. एकाला गाडी उचलायची असते, दुसऱ्याला खाली आणायची. दुकानात शिरताना मागणी मात्र दोघांची एकच: गाडी कडक करून द्या.

किती कडक, हे पहिला पंथ ओझ्यावरून ठरवतो. दुसरा खोक्यावरच्या आकड्यावरून. ‘माझी सहाची आहे’, ‘त्याने आठची टाकली’ असं बोलणं हल्ली चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. सहा आणि आठ म्हणजे स्प्रिंग रेट. ओझं किती आणि रस्ता कुठला, हे आधी सांगितल्याशिवाय या आकड्याला काही अर्थ नसतो. पिकअपवाल्याला ही गोष्ट न शिकता कळलेली असते. पैसे मोजून कॉइलओव्हर घेणाऱ्याच्या हातून ती बऱ्याचदा निसटते.

महामार्ग आणि आतला रस्ता

महाळुंगे पडवळ हे आंबेगाव तालुक्यातलं, पुणे-नाशिक महामार्ग सोडून आत गेल्यावर लागणारं गाव. हुतात्मा बाबू गेनू सैद यांची ही जन्मभूमी. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापड भरून निघालेल्या मोटारलॉरीसमोर ते आडवे झाले आणि तिच्या चाकाखाली त्यांचा जीव गेला. तालुक्यातल्या डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचंच नाव आहे. त्यांच्या गावाच्या रस्त्यावरून जपानी, तैवानी आणि जर्मन स्प्रिंगांबद्दल लिहायचं तर स्वदेशी-परदेशीचा विषय निघणारच. पण अडचण माल परदेशी असण्याची नाही. त्यातल्या आकड्यामागचा रस्ता परदेशी आहे, अडचण ती आहे.

मोटारीच्या बाबतीत हा पट्टा आडबाजूचा मुळीच नाही. याच महामार्गावर खाली चाकण आहे. तिथल्या फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन २००९ साली झालं, आणि देशातल्या हौशी पोरांनी ज्या गाडीत पुष्कळ हात घातला, त्या पोलोचं उत्पादन तिथे २०२२ पर्यंत चाललं. चाकणजवळ कुरुळीला गॅब्रिएल इंडियाचा शॉकॲब्सॉर्बरचा कारखाना आहे. महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, नाशकात, महिंद्रची थार बनते. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे, जिथे देशातली वाहनं तपासून प्रमाणित होतात. म्हणजे स्प्रिंग किती कडक असावी यावर पगार घेऊन विचार करणारी माणसं मंचरपासून दीड-दोन तासांच्या आत बसलेली आहेत. त्यांनी ठरवलेली स्प्रिंग काढून आपण दुसरी बसवतो, तेव्हा आपण नेमकं काय बदलतो?

पाटेवाल्याचं गणित

आधी पाटा पाहू, कारण तो उघड्यावर दिसतो. गाडी जॅकवर चढवतात, यू-बोल्ट सोडतात, सगळी थप्पी खाली घेतात आणि मधला सेंटर बोल्ट काढतात. बोल्ट सुटला की इतका वेळ एकमेकांना धरून बसलेले पाटे अलग होतात. सगळ्यात वरचा, दोन्ही टोकांना डोळे असलेला तो मेन पाटा. त्याखाली क्रमाने आखूड होत गेलेले बाकीचे. पाटा पाट्यावर घासतो तिथे चकाकी आलेली असते, कडांना गंज. एखाद्यावर केसासारखी चीर असते. मिस्त्री ती बोटाने चाचपतो आणि तो पाटा बाजूला टाकतो. कमान उतरलेल्या पाट्याला ठोकून पुन्हा कमान देतात. मग मागणीप्रमाणे एक पाटा वाढवून थप्पी पुन्हा आवळतात.

सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा आला की थप्पी ढोबळमानाने २० टक्के कडक होते. पण पाट्यांची संख्या न वाढवता जाडीच १० मिलिमीटरवरून ११ वर नेली, तर कडकपणा ३३ टक्के वाढतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सूत्र कुणी मांडत नाही. जाड पाटा जपून घालायचा, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक असतं.

आता ओझ्याकडे येऊ. नारायणगावच्या टोमॅटोबाजारात माल क्रेटमध्ये येतो. एका क्रेटमध्ये साधारण २० किलो, म्हणजे ५० क्रेट झाले की एक टन. हिशेबापुरतं असं धरू की रिकाम्या पिकअपच्या मागच्या एका बाजूच्या पाट्यावर ३०० किलो भार आहे, गाडी भरल्यावर तो १,००० किलो होतो आणि पाट्याचा रेट मिलिमीटरला १० किलो आहे. रिकामी असताना पाटा ३० मिलिमीटर दबतो, भरल्यावर १००. दबलेल्या अंतरावरून गाडी सेकंदाला किती वेळा खालीवर झुलेल हे काढता येतं: १५.८ ला त्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागायचं. रिकामी गाडी सेकंदाला जवळजवळ २.९ वेळा झुलते, भरलेली १.६ वेळा. म्हणूनच बाजारात माल उतरवून परतणारी पिकअप घराच्या वाटेवर उड्या मारते आणि भरलेली बोटीसारखी संथ जाते. स्प्रिंग दोन्ही वेळा तीच असते, बदललेलं असतं ते ओझं.

ही अडचण कारखान्यांनाही माहीत आहे. म्हणून बऱ्याच मालवाहू गाड्यांना मुख्य थप्पीशिवाय एक हेल्पर पाटा असतो. गाडी रिकामी असताना त्याच्यावर भार येत नाही, गाडी दबल्यावर तो कामाला लागतो. पाट्यांचं आपसातलं घर्षणही झोका थोडा आवरतं. गुंडाळलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये असं घर्षण नसतं. झोका आवरण्याचं सगळं काम शॉकॲब्सॉर्बरवर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतल्या शॉकअपवर येतं. पुढे हा मुद्दा लागणार आहे.

तीन खोकी, एकच स्प्रिंग

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपच्या नळीभोवती बसवलेली कॉइल स्प्रिंग. नळीला आटे पाडलेले असतात आणि त्यावर फिरणाऱ्या रिंगांनी स्प्रिंगची बैठक वरखाली करता येते. जपानची टाइन, तैवानची बीसी रेसिंग, जर्मनीची केडब्ल्यू ही या धंद्यातली जुनी नावं.

तुलनेत पहिली गफलत एककांची होते. जपानी आणि तैवानी माल किलो प्रति मिलिमीटरमध्ये बोलतो, जर्मन स्प्रिंगवर न्यूटन प्रति मिलिमीटर असतं आणि अमेरिकन कॅटलॉगात पौंड प्रति इंच. एका खोक्यावर ६, दुसऱ्यावर ६० आणि तिसऱ्यावर ३४० लिहिलं असेल, तर तिन्ही स्प्रिंगा जवळपास सारख्याच कडक आहेत. मिलिमीटरला एक किलो म्हणजे ९.८ न्यूटन, आणि तेच पौंड-इंचात ५६.

स्प्रिंगवर जितका भार, तितकी ती दबते, हा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७८ साली उघड करून मांडला. रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. सहाचा रेट म्हणजे सहा किलो ठेवल्यावर एक मिलिमीटर दबणारी, साठ किलोंना दहा मिलिमीटर दबणारी स्प्रिंग. कॉइलओव्हरच्या बहुतेक स्प्रिंगा अशा सरळ चालीच्या असतात. गाडी थोडी खाली आणणाऱ्या नुसत्या लोअरिंग स्प्रिंगांमध्ये मात्र पुष्कळदा काही वेढे एकमेकांच्या जवळ गुंडाळलेले असतात. ते आधी मिटतात आणि मग स्प्रिंग कडक होत जाते. अशा स्प्रिंगचा एकच आकडा कुणी सांगितला, तर तो दबण्याच्या कुठल्या टप्प्यावरचा, हे विचारायला हवं.

हा कडकपणा येतो कुठून? तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि मोकळ्या वेढ्यांची संख्या, या तिन्हींतून. जाडीचा परिणाम चौथ्या घातात होतो. १२ मिलिमीटर तारेची, ११० मिलिमीटर सरासरी व्यासाची, पाच मोकळ्या वेढ्यांची पोलादी स्प्रिंग घेतली तर रेट ३.१ च्या आसपास येतो. तार फक्त एक मिलिमीटरने जाड केली की तो ४.३ होतो. डोळ्यांनी या दोन स्प्रिंगांतला फरक पटकन ओळखूही येणार नाही.

यातच स्प्रिंग कापणाऱ्यांचं उत्तर आहे. पैसे वाचवायला मूळ स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरने कापून गाडी खाली बसवण्याचा उद्योग गावोगावी चालतो. सहा मोकळ्या वेढ्यांतला एक गेला की उरलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते, आणि आखूड तर होतेच. त्यात चाक लोंबकळल्यावर ती बैठकीतून निसटण्याचा धोका असतो. वीस टक्के कडकपणा वाढला आणि दबायला जागा मात्र दोन बोटं कमी झाली, हा सौदा कुठल्याच बाजूने परवडत नाही.

चाकापाशी काय पोचतं

दोन वेगळ्या गाड्यांच्या स्प्रिंगांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून तुलना करणं ही दुसरी गफलत. रस्त्याशी गाठ चाकाची पडते, स्प्रिंगची नव्हे. मधे सस्पेन्शनच्या दांड्यांची तरफ असते. पोलो, स्विफ्टसारख्या गाड्यांच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात चाक एक इंच उचललं की स्प्रिंगही जवळजवळ एक इंच दबते, म्हणून खोक्यावरचा आकडा बराचसा चाकापर्यंत पोचतो. डबल विशबोन पद्धतीत, जशी २०२० नंतरच्या थारच्या पुढच्या बाजूला आहे, स्प्रिंग दांडीवर आतल्या बाजूला टेकते. चाक एक इंच हललं आणि स्प्रिंग ०.७ इंच, तर चाकापाशी मिळणारा रेट ०.७ चा वर्ग, म्हणजे निम्म्याहून जरा कमी. सहाच्या स्प्रिंगचे चाकापाशी तीनही उरत नाहीत. गुणोत्तर ०.६ असेल तर सव्वादोनच्या आत.

पोलो-स्विफ्टच्या मागच्या बाजूची गोष्ट आणखी वेगळी. तिथे टॉर्शन बीम असतो, स्प्रिंग एका जागी आणि शॉकअप दुसऱ्या जागी. ‘चारही चाकांना कॉइलओव्हर टाकले’ असं मालक सांगतो खरा, पण मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळाच असतो. तिथली तरफ निराळी, त्यामुळे पुढचा आकडा आणि मागचा आकडा थेट जुळवून पाहण्यात अर्थ नाही.

मग तुलना कशाची करायची? चाकापाशी मिळणारा रेट आणि त्या चाकावरचं ओझं, या जोडीची. या जोडीतून निघते ती झुलण्याची गती, जी पिकअपच्या हिशेबात आपण काढली. घरगुती मोटारीची ही गती सेकंदाला साधारण एक ते दीड झोका असते. जोरकस चालवायच्या गाड्यांची दीड ते दोन, आणि ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाड्यांची त्याहून पुष्कळ वर. १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या अभियंत्याने यावर पायाभूत काम केलं. मागच्या स्प्रिंगांची झुलण्याची गती पुढच्यांपेक्षा जराशी जास्त ठेवावी, हा त्याचा नियम आजही वापरतात. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो आणि मागच्याला उशिरा. मागची बाजू जरा भरभर झुलली की दोन्ही टोकं लवकर एका लयीत येतात, नाहीतर गाडी डोलत राहते.

दहा सेंटिमीटरची परीक्षा

गतिरोधकासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे, आयआरसी ९९. ताशी २५ किलोमीटरने ओलांडायच्या गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी, असं त्यात सांगितलेलं आहे. उंची पुष्कळ ठिकाणी पाळली जाते, कधी ओलांडलीही जाते. रुंदीचं नाव कुणी काढत नाही. शाळेसमोर, देवळासमोर, फाट्यावर डांबराचा अरुंद उंचवटा उभा राहतो आणि चाक त्यावर एकदम चढतं.

छोट्या मोटारीच्या पुढच्या एका चाकावर साधारण ३०० किलो ओझं धरू. मूळ स्प्रिंगचा चाकापाशी रेट २ असेल तर ती उभ्या गाडीत १५० मिलिमीटर दबलेली असते आणि झुलण्याची गती सेकंदाला १.३ निघते. ६ ची स्प्रिंग घातली तर ती ५० मिलिमीटरच दबते आणि गती २.२ होते. आता चाक १०० मिलिमीटर वर उचललं गेलं आणि वरचं धड अजून हललेलं नाही, असा क्षण पकडू. दोनची स्प्रिंग गाडीला २०० किलोंचा जादा धक्का देते. सहाची देते ६०० किलोंचा, म्हणजे त्या चाकावरच्या मूळ ओझ्याच्या दुप्पट. आणि हेही स्प्रिंगला १०० मिलिमीटर दबायला जागा आहे असं धरून. गाडी खाली बसवताना नेमकी तीच जागा आपण खाल्लेली असते. जागा संपली की रबरी बंपस्टॉप लागतो आणि त्यानंतरचा दणका थेट पत्र्याला आणि पाठीच्या मणक्यांना.

खड्ड्यात उलटं होतं. ५० मिलिमीटर दबलेली स्प्रिंग तेवढीच खाली मोकळी होऊ शकते. खड्डा त्याहून खोल असला की चाक तळाला टेकतच नाही, आणि टायर हवेत असताना ना ब्रेक लागतो, ना गाडी वळते. ‘कडक गाडी रस्त्याला धरून राहते’ हे गुळगुळीत डांबरावर खरं आहे. पावसाळा संपल्यावर, उसाच्या गाड्या सुरू होण्याच्या सुमारास, आतल्या रस्त्यावर तीच गाडी रस्ता सोडत चालते. रॅलीची माणसं म्हणूनच मातीच्या रस्त्यासाठी डांबरापेक्षा मऊ स्प्रिंगा आणि जास्त उचल ठेवतात. वेगात कुणाला मागे जायचं नसतं, पण चाक जमिनीवर असल्याशिवाय वेग कामाला येत नाही.

रिंगा आणि शॉकअप

कॉइलओव्हरच्या रिंगांबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते. होत नाही. रेट तारेत, व्यासात आणि वेढ्यांत असतो, आणि आवळल्याने यातलं काहीच बदलत नाही. रिंग वर घेतली की गाडी उचलली जाते, किंवा शॉकअप पूर्ण ताणलेला असेल तर स्प्रिंगमध्ये आधीच दाब भरला जातो. गाडीच्या वजनापेक्षा तो दाब कमी असेल, तर सहाची स्प्रिंग आवळून ठेवली तरी सहाचीच राहते.

शॉकअपचं पाहा. स्प्रिंग दबलेली ऊर्जा परत देते, शॉकअप तिची उष्णता करून टाकतो. स्प्रिंगचा रेट तिप्पट केला तर गाडी तितक्याच झोक्यांत थांबवायला शॉकअपचा विरोध १.७ पट लागतो, तीनच्या वर्गमुळाइतका. मूळ शॉकअपवर नुसती कडक स्प्रिंग चढवणारे इथे फसतात. गाडी ताठ होते, पण गतिरोधकावरून उतरल्यावर दोनतीनदा टणटणत राहते. चांगल्या कॉइलओव्हरच्या किमतीतला मोठा वाटा स्प्रिंगचा नसतो, त्या स्प्रिंगला जुळवलेल्या शॉकअपचा असतो. दोन संचांची तुलना करताना दोघांचे रेट सारखे निघाले तर काम संपत नाही. शॉकअप कुठल्या रेटपर्यंत जुळवलेला आहे, हा पुढचा प्रश्न.

हे सगळं अभियांत्रिकीच्या मुलांना हाताने करावं लागतं. २००७ पासून भरणाऱ्या बाजा एसएईइंडिया या स्पर्धेत विद्यार्थी ओबडधोबड जमिनीवर धावणारी एका माणसाची बग्गी बनवतात. इंदूरजवळ पिथमपूरला तिच्या फेऱ्या होत आल्या आहेत आणि पुण्याच्या महाविद्यालयांचे संघही तिथे उतरत आले आहेत. हाच स्प्रिंग रेट का, याचं उत्तर तिथे परीक्षकांसमोर वजन, तरफ आणि झुलण्याची गती मांडून द्यावं लागतं. ‘मित्राने तीच टाकली होती’ हे उत्तर तिथे चालत नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये कॉइलओव्हरचं नाव नाही. पण निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाने करू नये, हा त्याचा गाभा आहे. केरळमधल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातलं कलम १८२ए नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. कॉइलओव्हर विकणारा हे क्वचितच सांगतो, वाढीव पाटा घालणाराही सांगत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र गाडीखाली वाकून पाहतो.

टेप आणि दोन गोण्या

स्प्रिंग बदलायच्या आधी आपल्या गाडीची स्प्रिंग आज किती कडक आहे, हे घरच्या घरी मोजता येतं. गाडी सपाट जागी उभी करायची. मागच्या दोन्ही चाकांच्या बरोबर वर, मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत टेपने अंतर घ्यायचं. मग ५० किलोंच्या दोन गोण्या मागच्या एक्सलच्या शक्य तितक्या वर, मधोमध ठेवायच्या. गाडी दोनदा हाताने दाबून सोडायची, म्हणजे सांधे मोकळे होतील, आणि पुन्हा मोजायचं. दोन्ही बाजू २० मिलिमीटर बसल्या, तर १०० किलोंना २० मिलिमीटर म्हणजे दोन्ही चाकांचा मिळून रेट ५ आणि एका चाकाचा अडीच. तरफ, बुश, कोन सगळं त्यात धरलेलं आहे. कुठल्याच खोक्यावर न छापलेला, पण उपयोगाचा आकडा हाच.

तो हातात आला की दुकानदाराला विचारायचे प्रश्न आपोआप ठरतात. तुमच्या संचात माझ्या गाडीच्या चाकापाशी किती रेट मिळेल, पुढे किती आणि मागे किती? हा संच गाडीत किती माणसं धरून निवडला आहे, चार की एकटा मी? खाली बसवल्यावर दबायला किती मिलिमीटर जागा उरेल? शॉकअप त्याला जुळवलेला आहे का? चारही उत्तरं आकड्यांत मिळाली तर पुढे बोलावं. विक्रेता नुसतंच ‘एकदम कडक होईल’ म्हणाला, तर पैसे खिशात ठेवून परत यावं. महाळुंगे पडवळहून मंचरला रोज जायचं असेल, तर खिशातल्या त्या पैशांत चांगले टायर येतील, आणि ते प्रत्येक रस्त्यावर उपयोगी पडतील.